बालवाडीची लाकडी कौलं

पनवेल,
१५ डिसेंबर १९९६

प्रिय जनी,

पाकिटामागचं माझं नाव वाचून तुला पहिल्यांदा संशयच येईल, आणि तो यायलाच हवा. सहा वर्षांत जिने साधं कार्ड टाकलं नाही, ती बाई आज एवढं जाड पाकीट कशाला पाठवेल? हिला माझ्याकडून काहीतरी हवं असणार, असं तुला वाटेल. तसं काही नाही. एकच विनंती आहे, हे पत्र दुसऱ्या कोणाकडून वाचून घेऊ नकोस. तुला वाचता येतं हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? उलव्यात जमिनीच्या नोटिसा आल्या की बाया त्या घेऊन तुझ्या दारात येतात, असं मागच्या महिन्यात एस.टी. स्टँडवर तिकडच्या एका बाईने मला सांगितलं. ऐकून आधी बरं वाटलं, आणि मग मी तिच्यापासून तोंड फिरवून दुसऱ्या बाकावर जाऊन बसले. का, ते सांगण्यासाठीच आज लिहायला घेतलं आहे. सावकाश वाच. मध्येच फाडावंसं वाटेल. फाड, पण सगळं वाचून झाल्यावर.

यातलं पुष्कळसं तुला माहीत आहे. पण ते माझ्या बाजूने कसं दिसत होतं, ते तुला माहीत नाही. तुमच्या गावात मी शनिवारी दुपारी बायकांचा वर्ग घ्यायला येऊ लागले ते सत्याऐंशी साली. हायस्कूलची नोकरी, चारुदत्तची कंपनी, पनवेलात आम्हा नवराबायकोचा दोन खोल्यांचा फ्लॅट, असं आमचं सगळं मार्गी लागलं होतं आणि मला काहीतरी चांगलं काम करायचं होतं. अकरा बायका यायच्या. त्यातल्या दहा जणी सही येईपर्यंत टिकल्या. तू एकटी पुढे गेलीस. नवरा जाऊन दोन वर्षं झालेली, तीन वर्षांची मनिषा मांडीवर, आणि तू पाटीवर ‘काशिराम’ लिहायचीस, पुसायचीस, पुन्हा लिहायचीस. तुझं अक्षर मोठं, एका बाजूला कललेलं, आणि ‘श’ची गाठ कायम उलटी. मी शंभर वेळा सुधारली असेल. शेवटी मीच हरले आणि म्हटलं, राहू दे, हा जनीचा श.

वर्ग भरायचा त्याच खोलीत सकाळी बालवाडी असायची. वर साधी मातीची कौलं होती. डोंगराच्या खाणीत सुरुंग उडाला की ती सरकायची, फुटायची, आणि एकदा तर कौलाचा तुकडा पोरांच्या मधोमध येऊन पडला. पंचायतीने सिमेंटचे पत्रे घालायचं ठरवत आणलं होतं. पत्र्याखाली पोरं चैत्र-वैशाखात भाजून निघतील, असं मी सांगत होते. आदल्याच वर्षी आम्ही दोघं कुलू-मनालीला जाऊन आलो होतो. तिथे घरांवर, देवळांवर लाकडाची कौलं पाहिली होती, पातळ फळ्या एकीवर एक चढवलेल्या. एका घरमालकाने सांगितलं की हे छप्पर त्याच्या आजोबांनी घातलं, फळी खराब झाली की तेवढीच बदलायची, बाकीच्यांना हात लावायचा नाही. ते माझ्या मनात बसलं होतं. भट्टी नको, सिमेंट नको, सुरुंगाने फुटायची भीती नाही, उन्हात तापत नाही. जुनं लाकूड वापरलं तर एकही झाड तोडायला नको, आणि आयुष्य संपल्यावर ते निमूट मातीत जाईल. चारुदत्तकडून मी छपराचं ड्रॉइंग काढून घेतलं आणि पंचायतीत मांडलं. सगळे हसले. हसले नाहीत ते एकटे तुझे सासरे.

बळीरामबाबांचा जन्म मचवे आणि होड्या बांधण्यात गेलेला. ड्रॉइंगकडे त्यांनी धड पाहिलंही नाही. म्हणाले, “मासल्याचे अंगावर खवली असतात ना, ताय, तशी घालू. पानी बरोबर खाली उतरल.” त्या दिवसापासून आम्ही सगळे त्यांना कौलं म्हणायचो आणि ते एकटे खवली. एक एक खवलं हातभर लांब, वीतभर रुंद. करवत ते शक्यतो लावायचेच नाहीत. करवतीने लाकडाची नस तुटते आणि तुटल्या जागी ते पाणी पितं, पाचर ठोकून फोडलं की ते आपल्या नसेनेच उकलतं आणि पाणी वरच्या वर पळतं, हे त्यांनी मला हातात दोन तुकडे देऊन दाखवलं होतं. खरोखर, फोडलेल्या तुकड्यावर टाकलेलं पाणी मण्यांसारखं घरंगळून गेलं. मी घरी येऊन चारुदत्तला सांगितलं की आपण शाळा-कॉलेजं करून जे शिकलो नाही ते या माणसाच्या बोटांत आहे. आणि त्याच माणसावर महिन्याभरात मी डोळा ठेवू लागले.

सुरुवात दुसऱ्या बैलगाडीपासून झाली. पहिल्या गाडीत एका पडक्या गोठ्याचे वासे होते, ते कोणाचे हे सगळ्यांना माहीत होतं. ते पुरणार नव्हते. दुसऱ्या गाडीत आलेलं लाकूड वेगळंच होतं: जाड, काळपट, अस्सल सागवान. असं सागवान तुमच्या गावात कोणाकडे होतं? गाडी गोणपाटांनी झाकलेली. प्रत्येक ओंडका बाहेरच्या अंगाने वाकसाने तासून आणलेला, जणू त्यावरचं काहीतरी कोणाला दिसू द्यायचं नव्हतं. जंगलातल्या लाकडावर सरकारी हातोड्याचा शिक्का असतो असं मी कुठेतरी वाचलं होतं. शिक्का तासून काढला तर लाकूड असंच दिसेल, हे माझ्या डोक्यात आलं आणि मग ते जाईना. समोर कर्नाळ्याचा डोंगर दिसत होता. लाकडाला तेलाचा आणि डांबराचा वास होता. मला वाटलं, ताज्या तोडीचा वास मारायला हे चोपडलं आहे. त्यात ठिकठिकाणी जुनी भोकं होती, लाकडाच्याच गुंड्या ठोकून बुजवलेली. त्यांचा अर्थ मला लागला नाही, पण संशय मात्र त्यांचाही आला.

मी विचारलं नाही असं नाही. एका शनिवारी बाबांना थेटच म्हटलं, “हे लाकूड कुठलं?” त्यांनी हातातली पाचर खाली ठेवली. “चोरीचा नाय, ताय. याचे पुढं इचारू नका.” तुला विचारलं तर तू खाडीकडे बघत म्हणालीस, “बाबांना ठावं.” मग एकदा मी वेळेच्या आधी आले. तू आणि बाबा ढिगाजवळ बसला होतात, तुझ्या मांडीवर एक तुकडा होता आणि तुझा तळवा त्याच्यावरून फिरत होता. मला बघून दोघेही गप्प झालात. तो तुकडा तू पालथा घालून ढिगात सरकवलास. मी मनात म्हटलं, ही पण यांना सामील आहे. आपण हिला शिकवतो, आणि ही आपल्यापासून लपवते. घरी चारुदत्त म्हणत होता, “मूळ माहीत नसलेल्या लाकडाशी माझं नाव जोडू नकोस.” त्यात मुंबईच्या एका साप्ताहिकाची बाई आपलं छप्पर बघायला येणार होती. झाड न तोडता बांधलेलं छप्पर, असा लेख यायचा होता, सोबत माझा फोटो. उद्या ते लाकूड चोरून तोडलेलं निघालं तर? मी शिक्षिका, माझं काय होईल? त्या दिवसांत मी छपराखाली उभी राहिले की वर बघायच्या ऐवजी बाबांच्या चेहऱ्याकडे बघायची.

नव्वदच्या जानेवारीत छप्पर पुरं झालं. चांगलं उतार देऊन घातलेलं, ओळीवर ओळ, प्रत्येक फळीचा तिसरा हिस्सा तेवढा बाहेर. आत भर दुपारी माठाजवळ बसल्यासारखं गार वाटायचं. खाणीत सुरुंग उडाला तरी एक फळी हलली नाही. आणि फेब्रुवारीत जंगल खात्याची जीप आली. निनावी तक्रार आहे, असं सांगून साहेबांनी बालवाडीच्या पायरीवर उभं राहून ती वाचली. “बालवाडीच्या छपराचे लाकूड चोरीचे आहे. बळीराम सुतार ते डोंगरातून तोडून आणतो. चौकशी करावी.” वहीच्या फाडलेल्या पानावर मोठमोठी, वाकडी अक्षरं. बाबांनी ऐकून घेतलं. जमलेल्या बायकांवरून एकदा नजर फिरवली, तुझ्या सासूकडे, गंगाबाईंकडे, जरा जास्त वेळ पाहिलं आणि म्हणाले, “चला, दावतो.”

सगळा गाव त्यांच्यामागून बांधावरून चालत गेला. मीही होते. पडक्या मिठागरांच्या पलीकडे, तिवरांच्या आत, चिखलात तो पडला होता. तळाचं लाकूड आणि पाच-सहा फासळ्या तेवढ्या उरल्या होत्या. तुला काय सांगायचं, जनी? तो मचवा बाबांनी स्वतः बांधलेला आणि पंच्याऐंशी साली मीठ भरून जाताना खाडीच्या तोंडाशी उलटलेला. चार माणसं गेली. सुकाणूवर तुझा काशिराम होता. भरतीने तो सांगाडा परत आपल्याच गावाला आणून टाकला आणि पाच वर्षं कोणी त्या बाजूला फिरकलं नाही, त्याचं नाव काढलं नाही. साहेबांनी बाबांनी डांबर तासून काढलेल्या जागा पाहिल्या, खिळ्यांची भोकं पाहिली, टोपी काढली आणि “यात आमचं काही काम नाही” म्हणून तक्रारीचा कागद बाबांच्या हातात देऊन निघून गेले. चोरी नव्हती. मात्र आपली पोरं कशाच्या खाली बसतात ते आता गावाला कळलं होतं. ते गंगाबाईंनाही तेव्हाच कळलं. माझ्या पोराला गिळला त्याचा लाकूड आणून पोरांचे डोक्यावर घातलाव, असं ओरडत त्या चिखलातच बसल्या, ते मला अजून दिसतं.

दुसऱ्या दिवशी बालवाडीत एक मूल आलं नाही. तिसऱ्या दिवशी गड्यांनी छप्पर उतरवलं. आठवड्याभरात पत्रे आले. पण खरं बिघडलं ते पुढे. कागद कोणी लिहिला? पत्रेवाल्या ठेकेदाराने, असं आधी बोललं गेलं. मग पंचायतीतल्या विरोधी पार्टीने. मग ज्याची बैलगाडी होती त्याने. पंधरा दिवस तुमच्या गावात कोणी कोणाच्या ओट्यावर बसलं नाही, विहिरीवर बाई आली की दुसरी घागर उचलून चालू लागायची. शेवटी कोणाच्या तरी ध्यानात आलं की हे अक्षर नुकतंच लिहायला शिकलेल्या माणसाचं आहे. आणि नुकतंच शिकलेलं, चार ओळी लिहू शकणारं माणूस गावात एकच होतं. कारणही लगेच सापडलं: जिचा नवरा त्या मचव्यावर गेला, तिला ते लाकूड डोळ्यांसमोर कसं सहन होईल? तिनेच सासऱ्याला धडा शिकवला.

गंगाबाई तो कागद घेऊन पनवेलला माझ्या घरी आल्या होत्या, हे तुला कोणी सांगितलं का? मला वाटतं नसेल सांगितलं. सोफ्यावर बसल्या नाहीत, खाली फरशीवर बसल्या. कागद माझ्यापुढे धरला. “ताय, तुमी शिकवलाव तिला. तुमीच सांगा. आमचे सुनंचा अक्षर हाय का नाय?” मी कागद हातात घेतला. बराच वेळ पाहिल्यासारखं केलं. आणि म्हणाले, “नक्की सांगता येणार नाही.” त्यांनी कागदाची घडी घातली, पदराच्या टोकाला बांधली आणि चहा न घेता गेल्या. पुढच्या शनिवारी मी आले तेव्हा तू बोचकं घेऊन माहेरच्या, उलव्याच्या गाडीची वाट बघत उभी होतीस. मनिषाला त्यांनी घरात ठेवून घेतलं होतं, तिचं रडणं रस्त्यापर्यंत येत होतं. तू मला म्हणालीस, “ताई, मी नाय लिवला. तुमाला तरी ठावं हाय ना?” मी तुझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “शांत हो, होईल सगळं ठीक.” तू माझ्याकडे पाहिलंस. फार वेळ पाहिलंस. तेव्हापासून मला संशय आहे की तुला त्या क्षणी कळलं होतं.

कळलं असेल तरी आज माझ्या तोंडून ऐक. तो कागद मी लिहिला, जनी. दुपारी स्वयंपाकघराच्या ओट्यावर, दार लावून. माझं अक्षर गावात सगळ्यांना माहीत होतं, फळ्यावर दर शनिवारी दिसायचं, म्हणून मी पेन डाव्या हातात धरलं. ते तुझ्या अक्षरासारखं दिसेल हे माझ्या मनातही नव्हतं, एवढं तरी खरं मान. पण ते खरं असून उपयोग काय? जीपवाल्या साहेबांनी कागद उघडला तेव्हाच मला ते दिसलं होतं, आणि गंगाबाई घरी आल्या तेव्हा तर त्या कागदावरचं एक अक्षर माझ्याकडे टक लावून बघत होतं. ‘चौकशी’तला श. त्याची गाठ सरळ होती. तू लिहिलं असतंस तर ती उलटी असती. तेवढ्या एका अक्षरावर बोट ठेवलं असतं तर तू सुटली असतीस. पण मग पुढचा प्रश्न आला असता, की जनीने नाही तर कोणी? मी त्या प्रश्नाला घाबरले. चौकशी होईल, लाकूड चोरीचं निघालं तर मी मोकळी, नाही निघालं तर विषय संपेल, एवढाच माझा हिशेब होता. बाबा गप्प आहेत म्हणजे चोर आहेत, याच्यापलीकडे माझी बुद्धी गेली नाही. माणूस दुःखानेही गप्प राहतो, हे तुमच्या घरात तीन वर्षं चहा पिऊन मला कळलं नव्हतं.

वर्ग मी बंद केला. शाळेत काम वाढलं असं सांगितलं. नंतरची वर्षं तशी बरी गेली, आणि तीच गोष्ट मला जास्त टोचते. चारुदत्तला बढती मिळाली. माझे गुडघे दुखतात. पनवेल तू ओळखणार नाहीस, स्टँडच्या मागे चार-चार मजली इमारती उभ्या राहिल्यात. दोन वर्षांपूर्वी पाचवीच्या यादीत मनिषाचं नाव पाहिलं आणि तिची तुकडी माझ्याकडे येऊ नये म्हणून मी हेडमास्तरांना काहीबाही कारण दिलं. यंदा ते जमलं नाही. सातवी ब. गणितात पहिली येते. फळ्यावर लिहायला बोलावलं की मात्र हात मागे बांधून उभी राहते. दिवाळीची सुट्टी संपली आणि ती शाळेत आलीच नाही. आठ दिवस वाट पाहिली. मग गेल्या शनिवारी, सहा वर्षांनी पहिल्यांदा, मी तुमच्या गावची वाट धरली.

गंगाबाई पडवीत सूप घेऊन बसल्या होत्या. मला बसा म्हणाल्या. मनिषा शाळेत का येत नाही म्हणून विचारलं तर तांदळातून मान वर न करता म्हणाल्या, “एक सून शिकली, ती पुरे जाली. नातीला नको.” मी वर पाहिलं. पडवीवर ती कौलं होती. बालवाडीवरून उतरवलेली सगळी बाबांनी गोळा करून आपल्या घराला घातलेली. तुझ्या सासूने म्हणे पहिला पावसाळा त्या पडवीत पाऊल ठेवलं नव्हतं. आता दुपारच्या तिथेच आडव्या होतात. सात पावसाळे खाऊन लाकूड करडं, चांदीसारखं झालं आहे, आणि कुठे ओल नाही, वाळवी नाही. एवढी वर्षं खारं पाणी प्यालेल्या लाकडाला वाळवी तोंड लावत नाही म्हणे. बाबांना आता नीट दिसत नाही, पण मी वर बघते आहे हे त्यांना कसं कोण जाणे कळलं. “पाच बदलली, ताय. बाकी हायत तशीच हायत.” त्या छपराखाली मनिषा कोपऱ्यात बसून जुन्या वहीवर गणितं सोडवत होती. माझ्याकडे बघून हसली. त्या हसण्याला माझ्याविषयी कसलाही संशय नव्हता.

घरी येऊन चारुदत्तला सगळं सांगितलं.  तो म्हणाला, “आता सांगून काय होणार? मुलीला आपल्याकडे ठेवून घेऊ, शिकवू.” सहा वर्षं मीही अशीच एखादी पळवाट शोधत होते, म्हणून मला ती चटकन ओळखू आली. परवा शुक्रवारी मी पुन्हा गेले. बाबांना निरोप पाठवून, मचव्यावर माणूस गमावलेल्या बाकीच्या तीन घरांतल्या लोकांनाही अंगणात बोलावून घेतलं होतं. उभ्यानेच सांगितलं, आत्ता तुला लिहिलं तसंच.  आणि मग तुझा दीर दयाराम चक्क हसला. “ताय, तुमचा मन मोठा हाय. पन वयनीचा पाप तुमचे डोक्यावर कशाला घेताव?” बाकीच्यांनी माना हलवल्या. पोरीची शाळा चालू राहावी म्हणून बाई खोटं बोलते आहे, असं त्यांना वाटलं! खरं लपवलं तेव्हा एकाही माणसाला माझा संशय आला नव्हता, आणि खरं सांगितलं तर कोणी विश्वास ठेवायला तयार नव्हतं. मी मनिषाची वही मागितली, पेन डाव्या हातात धरलं आणि त्याच ओळी पुन्हा लिहिल्या. अक्षरं तशीच उतरली.

गंगाबाई उठून आत गेल्या आणि बिस्किटाचा पत्र्याचा डबा घेऊन आल्या. तो कागद त्यांनी सहा वर्षं जपून ठेवला होता. तो काढताना डब्यातून कार्डांचा एक गठ्ठा खाली पडला. मनिषाला तू पाठवलेली कार्डं, जनी. घरात त्यांच्याशिवाय कोणाला माहीत नव्हती. त्यांना वाचता येत नव्हती, पण तुझी आहेत हे माहीत होतं, म्हणून ना दिली, ना जाळली. मनिषाने कागद आणि वही शेजारी शेजारी धरली आणि म्हणाली, “आजी, सारखाच हाय.” मग तिने खालचं एक कार्ड उचललं. ‘शाळेत जा’ असं त्यात पहिल्याच ओळीत होतं. ती म्हणाली, “आईचा श उलटा हाय. कागदावरचा नाय.” आणि अंगणात सगळ्यांसमोर खाली बसून एकेक कार्ड वाचू लागली, मनातल्या मनात, ओठ हलवत. बाबा म्हणाले, “जनीला इचारल्याबिगर मी एक फली काढली नवती. तीच बोलली, बाबा, पोरांचे डोक्यावर ऱ्हाऊंदे, मनिषाचे बापाला आवडला असता.” त्या तीन घरांपैकी एका म्हातारीने विचारलं, मग तवाच आमाला का नाय सांगितला. बाबा म्हणाले, “सांगितला असता त तुमी घालू दिला असता?”  गंगाबाई माझ्याजवळ आल्या. मला वाटलं, हात उगारतील. त्या एवढंच म्हणाल्या, “ताय, तुमी आमचे घरात बसून चा प्यालाव.” आणि पाठ फिरवली.

आता हे पत्र का, ते. पुढच्या रविवारी, बावीस तारखेला, बाबा आणि गंगाबाई उलव्याला येणार आहेत, तुला न्यायला. शुक्रवारीच निघणार होते. मी हातापाया पडून थांबवलं, कारण तुला काही माहीत नसताना ते दारात उभे राहिले असते तर ते तुला माफ करायला आले आहेत असं झालं असतं. माफ करायचं की नाही, हे तुझ्याकडे आहे. परत जायचं, उलव्यातच राहायचं, मनिषाला तिकडे ठेवून घ्यायचं, काहीही ठरव. बाबांनी तसा शब्द दिला आहे. गंगाबाई गप्प आहेत आणि त्या गप्पपणाची मला खात्री नाही, म्हणून कोणी घाई केली तर ऐकू नकोस. मी येणार नाही. गावाला सांगून झालं, उद्या शाळेतही सांगणार आहे, पुढे जे होईल ते होईल. रविवारी त्यांच्यासोबत मनिषा असेल. ती आता तुझ्या खांद्याला लागेल एवढी झाली आहे. शुक्रवारी मी निघाले तेव्हा ती बांधापर्यंत माझ्यामागून आली. मला वाटलं काहीतरी बोलेल मला, पण तिने विचारलं ते वेगळंच: आई माझ्यावर रागावली असेल का? सहा वर्षं सगळे सांगत होते ते तिनेही खरं मानलं होतं, आणि तुझ्या एकाही कार्डाला तिचं उत्तर गेलेलं नाही. ती अंगणाच्या कडेलाच थांबेल, पुढे यायची नाही. तू पुढे हो. बाकी कोणाशी बोलण्याआधी तिला सांग की तू तिच्यावर रागावलेली नाहीस. आम्हा बाकीच्यांवर मात्र रागाव.

तुझी म्हणवून घ्यायला तोंड उरलं नाही, तरी तुझीच,
सुनीता